बिदाईची चाल आणि उतरलेले सेल

मी आयुष्यात पहिल्यांदा क्लॅरिनेट हातात घेतलं आणि पुढची दोन वर्षं ते नुसतं धरून ठेवलं. वाजवलं नाही. वाजणं शक्यच नव्हतं. त्याच्या तोंडाशी बोरूची एक पातळ पत्ती असते, ती थरथरली की आवाज होतो. आणि माझ्या क्लॅरिनेटची पत्ती मालकांनी काढून स्वतःच्या खिशात ठेवली होती.

दिग्रसच्या आमच्या बँडात खरे वाजवणारे आठच होते. पण लग्नघरची माणसं बँड ठरवायला आली की कानांनी नाही, बोटांनी ठरवत. एक, दोन, तीन. पंधरा भरले तर बँड, आठ भरले तर नुसते वाजंत्री. म्हणून उरलेले सात आम्ही. लाल कोट, पिवळी फीत, आणि गाल.

"गाल फुगवाचे, बोटं हालवाची, आन् हूं का चूं कराचं नाही," हे मालकांनी मला दिलेलं संगीताचं पहिलं आणि बराच काळ शेवटचं शिक्षण. माझा एकूण आकार पाहता गाल ही मला जन्मजात मिळालेली कला होती. वरातीत कोणी ना कोणी हमखास म्हणायचं, "तो जाड्या पाहा, काय जीव तोडून वाजवून राह्यला!" मालक मान डोलवत. मीही डोलवत असे. स्तुती कानावर आली की ती आपली नाही, हे लक्षात ठेवणं मला कधी जमलं नाही.

शेजारी उभ्या असलेल्या खऱ्या क्लॅरिनेटवाल्याची बोटं पाहून मी माझी बोटं हलवायचो. हलवायचीच आहेत तर बरोबर जागी हलवू, एवढाच त्यात विचार. हा गृहस्थ एक दिवस सासुरवाडीला गेला तो परत आलाच नाही, आणि दुसऱ्या दिवशी घाटंजीचं लग्न. मालकांनी नाइलाजानं माझ्या क्लॅरिनेटला पत्ती बसवली. मी फुंकलं. सूर निघाला. मालक दचकले, पण मी त्यांच्याहून जास्त दचकलो. अशा रीतीनं मी आठवा झालो.

साठ साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा नेरच्या एका बँडानं सॅक्सोफोन आणला. झालं. जो तो आमच्या मालकांना विचारू लागला, "ते वाकडं पितळेचं हाये का तुमच्यात?" मालकांना रात्री झोप लागेना. शेवटी नागपूरला एक जुना बँड मोडला, त्याचा सॅक्सोफोन ते घेऊन आले. गोधडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर बसवून. कंडक्टरनं त्यांना बाळाचं वय विचारलं म्हणे. सोबत पत्ती एकच होती. क्लॅरिनेटच्या पत्तीहून चांगली रुंद. दुसरी हवी तर नागपूरलाच जायचं.

आता हा वाजवणार कोण? उमेदवार दोन. एक मी, आणि दुसरा मालकांचा साळा, जो झांजा वाजवायचा. साळ्याच्या बाजूनं मालकीणबाई होत्या. माझ्या बाजूनं फक्त माझं तोंड.

"येते मले," मी म्हणालो.

"कुठी शिकला बे?"

"शिकाचं काय त्यात? क्लॅरिनेटचा मोठा भाऊ तर हाये."

साळा म्हणाला, "मंग बैलाचा मोठा भाऊ हत्ती. जाय, जुंप त्याले वखराले."

मालक विचार करणारे होते. त्यांनी अट घातली. वैशाखात एका बंजारा तांड्यावर नायकाच्या, म्हणजे तिथल्या प्रमुखाच्या, मुलीचं लग्न होतं. नवरदेव पुसदकडचा, शाळेत मास्तर, त्याला बँड पाहिजे होता. हंगामातलं सगळ्यात मोठं काम. "त्या लग्नात बिदाईची एक चाल अशी वाजव का सारा मांडव रडला पाह्यजे," मालक म्हणाले. "रडला, तं सॅक्सोफोन तुवा. नाही रडला, तं साळ्याचा. आन् तू मंग झांजा घे."

झांजा! दोन वर्षं गाल फुगवून, नशिबानं पत्ती मिळवलेला माणूस मी. मला झांजांची स्वप्नं पडू लागली.

इथे मालकांच्या वहीबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्या बँडातली प्रत्येक चाल त्या वहीत असायची आणि प्रत्येकीला एक जागा असायची. सीमांतपूजनाच्या चाली वेगळ्या, वरातीच्या वेगळ्या, जेवणाच्या पंगतीला वेगळ्या, बिदाईच्या अगदी शेवटच्या पानांवर. वरातीची चाल बिदाईला वाजवणं म्हणजे मयतीला पेढे नेण्यासारखं. बिदाईच्या चाली एकूण चार होत्या, आणि त्या चारही आमच्या भागातली माणसं इतक्यांदा ऐकून बसली होती, की त्या सुरू झाल्या की बायका रडायचं सोडून चपला शोधू लागत. नवी चाल पाहिजे होती. ती मी कुठून आणणार?

आमची तालमीची जागा म्हणजे एक टिनाचं शेड. एका दुपारी मी तिथे पोचलो तर मागच्या बाजूनं सॅक्सोफोन ऐकू आला. साळा! साळ्यानं मालकांचं कुलूप फोडलं, आणि नुसतं फोडलं नाही, एका रात्रीत शिकलासुद्धा! मी तसाच मागे धावलो. पाहतो तर कुडाच्या भिंतीपलीकडच्या खोलीत, पांढऱ्या कोंबड्यांच्या घोळक्यात, बाजेवर एक गोरा माणूस उताणा पडलेला, आणि त्याच्या उशाशी सुटकेसएवढी एक तबकडीची पेटी वाजत होती.

हा कोंबडीसाहेब. अमेरिकेहून आमच्या तालुक्याला कोंबड्या पाळायला शिकवायला आला होता. आमच्या लोकांना कोंबड्या पाळता येत होत्याच, पण त्याचं मन मोडू नये म्हणून ते शिकत होते. मराठी तो पुस्तकातून शिकून आलेला, त्यामुळं सगळ्या दिग्रसात सगळ्यात शुद्ध मराठी त्याचीच. मला पाहून तो उठून बसला आणि म्हणाला, "या. कृपया आसनस्थ व्हा." मी इकडेतिकडे पाहिलं, आणखी कोणी आलंय की काय म्हणून.

तबकडी मोठी होती. तिच्या पुठ्ठ्याच्या वेष्टनावर एक जाड, काळासावळा माणूस डोळे मिटून सॅक्सोफोन वाजवत होता. त्याचे गाल पाहिले आणि मला एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. त्याच्या साथीला एक बाजाची पेटी होती, पण आपल्या पेटीसारखी नाही. कापसाच्या जिनिंगचं यंत्र लांबून ऐकावं तशी घुमणारी. आणि या सगळ्यावर तो माणूस काहीतरी सांगत होता. एक वाक्य सांगायचा, थांबायचा, पेटी हुंकार द्यायची, मग तेच वाक्य जरा वळवून पुन्हा. मला ते अगदी समजत होतं, फक्त काय सांगतोय ते कळत नव्हतं.

"साहेब, हे काय गाणं हाये?"

"हे देवळातले संगीत आहे," साहेब विचार करून म्हणाला. "परंतु देवळाच्या बाहेर."

"म्हंजे भजन?"

"भजन. परंतु नृत्य करण्यास योग्य."

आमच्याकडं भजनात नाचतातच, त्यामुळं या उत्तरानं मी होतो तिथंच राहिलो. पण मनानं ठरवलं, आपली चाल सापडली. दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी मी सॅक्सोफोन घेऊन साहेबाच्या खोलीत. साहेब तबकडी लावी, मी मागून वाजवी. माझा पहिला सूर निघाला त्या दिवशी कोंबड्यांनी अंडी दिली नाहीत. साहेबानं तशी नोंद केल्याचं मी स्वतः पाहिलं.

घोळ झाला तो सेलांमुळं. त्या खोलीत वीज नव्हती. पेटी चालायची बॅटरीच्या सेलांवर, आणि तसले सेल दिग्रसात दुकानात असले तर असले. आमच्याकडं बॅटरीचे सेल उतरले की माणसं ते फेकत नाहीत. उन्हात वाळत घालतात. साहेबाला हे मीच शिकवलं. माझ्या आयुष्यात मी अमेरिकेला शिकवलेली ही एकच गोष्ट. छपराच्या टिनावर एका बाजूला मालकीणबाईंचे पापड, दुसऱ्या बाजूला साहेबाचे सेल. चार तास वैदर्भीय ऊन खाल्लं की मेलेले सेलही उठून बसत. बसत म्हणजे अर्धवट. पहिल्या पाच मिनिटांत तबकडी नीट फिरायची, आणि तो जाड्या असा काही वाजवायचा की पाय आपोआप हलावेत. मग हळूहळू सेल पुन्हा बसू लागत. तबकडी जड होई, सूर खाली घसरत, एकेक वाक्य लांबत जाई, आणि तोच माणूस, तीच चाल, इतकी दुःखी होऊन जाई की मला माझी वारलेली म्हैस आठवायची.

आता यातलं खरं कोणतं? मी पार गोंधळलो. शेवटी साहेबालाच विचारलं.

"साहेब, हा माणूस रडून राह्यला का हसून राह्यला?"

साहेबानं तबकडी थांबवली. मग माझ्याकडं पाहून अगदी मनापासून म्हणाला, "होय."

मी घरी येऊन बायकोला वाजवून दाखवलं. ती तुरी निवडत होती.

"कसं वाटते?"

"मले तं असं वाटते," ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "का कोणी तरी दारात उभं राहून जेवाले बोलावून राह्यलं, आन् आतून कोणी येऊन नाही राह्यलं."

"ते दुःखाचं झालं का मंग?"

"ते तं सैपाकावर हाये."

मालकांनी ऐकलं आणि ते वही उघडून बसले. "वरातीत टाकू का रे?" साळा म्हणाला, "मयतीत टाका. वाजवणाऱ्याच्या." मला चाल बिदाईलाच पाहिजे होती, कारण माझा सॅक्सोफोन बिदाईवर टांगलेला. मी ठणकावून सांगितलं की हे अमेरिकेतलं बिदाईचं गाणं आहे, तिकडच्या नवऱ्या याच्यावर धाय मोकलून रडतात, मला साहेबानं सांगितलं आहे. साहेब चैत्रातच त्याची मुदत संपवून परत गेला होता, तबकडी मला देऊन, पेटी मात्र सोबत घेऊन. त्यामुळं मला खोटं पाडणारं तालुक्यात कोणी उरलं नव्हतं. मालकांनी शेवटच्या पानावर पाचवी चाल लिहिली. मी ती उतरलेल्या सेलांवर जशी ऐकली तशी, खाली, संथ, ओढून ओढून बसवली. शेडमध्ये वाजवताना एकदा माझेच डोळे भरून आले. गालांच्या दाबानंही असेल.

लग्नाचा दिवस आला. तांडा आमच्यापासून सहा कोसांवर, आम्ही दोन बैलगाड्यांत पंधरा जण. तांड्यावरच्या लग्नांना मी पूर्वी गेलो नव्हतो असं नाही. जेवायला गेलो होतो. पण पोट भरलं की निघायचं ही माझी सवय, म्हणून तिथली बिदाई कधी पाहिली नव्हती. ही सवय मला किती महागात पडणार आहे, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आदल्या दिवशीची वरात झकास झाली. नवरदेव मास्तर, डोळ्यांवर चष्मा, बाशिंगातून तो बँड मोजत होता. वरातीबरोबर नायकाचा एक पांढरा बैल चालवत होते, शिंगं रंगवलेली, पाठीवर आरशांची झूल, गळ्यात घुंगरं. बैल मोठा शहाणा. आम्ही वाजवलं की चाले, आम्ही थांबलो की थांबे. चार घरं झाल्यावर तर गडी कासरा सोडून मागून नुसता येत होता. मी साळ्याला म्हणालोसुद्धा, "पाह्य, बैलाले तुह्यापेक्षा ताल समजते." हे बोलायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिदाई. आम्ही तांड्याच्या तोंडाशी लिंबाखाली उभे. मालक पलीकडं नायकाबरोबर चहाला बसले होते. मला सांगून गेले होते, "पोरगी निघाली का सुरू कर." मी पत्ती जिभेनं ओली करून तयार.

घरातून बायकांचा घोळका बाहेर आला. मधोमध नवरी, लाल घागरा, डोक्यावरून आरशांची ओढणी. सगळ्या तिला मिठ्या मारत होत्या. मग त्याच पांढऱ्या बैलाला पुढं आणलं आणि दोघांनी धरून नवरीला त्याच्या पाठीवर चढवलं. बसवलं नाही, उभं केलं. ती बैलावर सरळ उभी राहिली, दोन्ही हात वर केले आणि तोंड तांड्याकडं करून एक लांबच लांब हाक घातली.

निघाली, मी मनाशी म्हणालो. आणि रडायलाही लागली. आता आपलं काम.

मी फुंकलं.

बसवली होती ती चाल उतरलेल्या सेलांची. पण समोर नायकाचा सगळा तांडा, मागे झांजा घेतलेला साळा, पलीकडं कपबशी हातात घेऊन पाहणारे मालक. भीतीनं माझे सेल एकदम ताजे झाले. बोटं पळू लागली. मी त्यांना धरायला जातो तर ती आणखी पुढं. जी चाल मांडव रडवणार होती, ती चौखूर उधळली. आमच्या ढोलवाल्यानं हे ऐकलं, त्याला वाटलं वरातीची चाल लागली, त्यानं वरातीचा ठेका धरला. ढोल लागला तसे सगळेच लागले. साळ्यानं झांजा कडाडवल्या. त्यानं ते मुद्दाम केलं नाही अशी शपथ त्यानं पुढं घेतली आहे, आणि ती मी आजवर जपून ठेवली आहे.

बँड लागला म्हटल्यावर बैल चालू लागला.

नवरी वर, हात आभाळात, गाणं तोंडात. पहिल्या पावलाला ती डगमगली, दुसऱ्याला खाली बसली, वशिंडाला मिठी मारून. आणि बैल आपला घुंगरं वाजवत, डुलत, तांड्याबाहेरच्या वाटेला. बायका ओरडत होत्या. मला वाटलं रडताहेत. मी आणखी जोरात वाजवलं.

पलीकडून मालक कपबशीसकट धावत आले. "थांब! अबे थांब, जाड्या!"

आम्ही थांबलो. बैलही थांबला, गुणी बैल. नवरी बैलावरून खाली उतरली, घागरा वर धरून, फुफाट्यातून तरातरा चालत सरळ माझ्यासमोर आली. सतरा-अठरा वर्षांची असेल. डोळे कोरडे ठणठणीत.

"झालं का तुवं?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही.

"मग आता माहं होऊ दे," ती म्हणाली.

मालक मला हलक्या आवाजात पण दात खाऊन सांगत होते की गाढवा, तांड्यावर नवरी नुसती रडत नाही. तिचं रडणं हे गाणं असतं, त्याला ढावलो म्हणतात, बायका पोरीला ते महिनोन् महिने शिकवतात. बैलावर उभं राहून ती घराचा, तांड्याचा, एकेका माणसाचा निरोप घेते. जन्मात एकदा. इथं बँड रडवत नाही, इथं बँड गप्प बसतो. तिचं झालं, ती निघाली, की मग सुरू करायचं. मी मालकांना विचारणार होतो की हे तुम्ही चहाच्या आधी का नाही सांगितलं. पण त्यांच्या हातात कपबशी होती.

तेवढ्यात नवरीची आजी आली. वाकलेली, हातभर पांढऱ्या बांगड्या. तिनं सॅक्सोफोनकडं बोट केलं आणि तिच्या बोलीत विचारलं, "ई कांई छ?" हे काय आहे, एवढं मला कळलं. मी म्हणालो, बाजा. मग ती आमच्या बोलीत आली.

"हा बोलते कशानं?"

मी पत्ती दाखवली. एवढीशी बोरूची पट्टी. म्हातारीनं ती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली.

"म्हंजे ही याची जीभ."

"व्हय आजी."

"काढ."

मी मालकांकडं पाहिलं. मालकांनी आकाशाकडं पाहिलं. मी पत्ती काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिनं ती ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि नातीला म्हणाली, जा, पहिल्यापासून.

बैलाला उलटा वळवून आणलं. नवरी पुन्हा चढली, पुन्हा हात वर केले.

मी मुका सॅक्सोफोन पोटाशी धरून लिंबाला टेकलो होतो. मला तिची बोली येत नाही. पण ती एक ओळ म्हणायची, थांबायची, खालून बायकांचा हुंकार यायचा, मग तीच ओळ जरा वळवून पुन्हा. श्वास घ्यायची तो सुद्धा ऐकू यायचा. माझी बोटं आपोआप हलू लागली, कारण पुढची जागा कुठं येणार ते मला माहीत होतं. आणि ती तिथंच आली. मग मध्येच तिनं काहीतरी म्हटलं आणि खालच्या सगळ्या बायका, डोळे पुसता पुसता, खदखदून हसल्या.

शेजारी तांड्यावरचा एक गडी उभा होता. मी त्याला विचारलं, "काय म्हन्लं तिनं?"

"म्हैशीचा निरोप घेतला. म्हणते, आता लाथ कोणाले मारशीन गे बाई?"

"मंग हे रडणं हाये का हसणं?"

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं कोणी विचारावं की पाणी ओलं आहे की पातळ.

"व्हय," तो म्हणाला.

तिचं झालं. सगळा तांडा रडत होता, नायक फेट्याच्या शेमल्यात तोंड खुपसून, नवरदेव चष्मा काढून, आमचा ढोलवाला ढोलावर डोकं ठेवून. मालकांची अट शब्दशः पुरी झाली होती, मांडव रडला होता. पण हे त्यांना त्या वेळी सुचवण्याची माझी हिंमत झाली नाही. मग बैल चालू लागला, आणि मालकांनी हातानं खूण केली. बँड वाजला. माझा सोडून. मी गाल फुगवले.

पत्ती मागायला हवी होती. परत निघताना मी आजीला शोधलंही. पण ती बायकांच्या गराड्यात होती, आणि जिनं बाज्याची जीभ काढून घेतली तिच्याकडं ती परत मागायला माझ्या तोंडात जीभ उरली नव्हती. पोचल्यावर शेडमध्ये न्यायनिवाडा झाला. मालक म्हणाले, "सॅक्सोफोन साळ्याले दे."

मी पुढं केला. साळ्यानं तो उलटसुलट पाहिला. "याले पत्ती?"

"तांड्यावर हाये."

"मंग हा वाजते कसा?"

"वाजत नाही."

"मुका बाजा घेऊन मी काय करू? माह्या झांजा निदान आवाज तं करतात." आणि त्यानं तो परत माझ्या पोटाशी टेकवला.

नागपूरला कोण जाणार? हंगाम ऐन भरात, रोज एक लग्न. आणि नेरच्या बँडाला दाखवायला वाकडं पितळेचं तर हवंच होतं. अशा प्रकारे सॅक्सोफोन माझा झाला. मी जिंकलो. सगळा हंगामभर सगळ्यांच्या पुढं, मधोमध, मी तो धरून चाललो, पत्तीशिवाय. पण या वेळी नुसते गाल नव्हते. मी ती अख्खी तबकडी वाजवत होतो, दोन्ही बाजू. वरातीत ताज्या सेलांवर, बिदाईत उतरलेल्या. बँड भलतंच काही वाजवत असे, आणि माझी बोटं त्या जाड्याबरोबर चालत. इतकं चांगलं मी आवाजासकट कधी वाजवलं नाही. आणि नेरच्याच एका लग्नात, नेरच्या बँडाच्या नाकावर टिच्चून, एका म्हाताऱ्यानं मालकांना थांबवून सांगितलं, "बाकीचे ठीक हायेत, पण तो जाड्या... काय जीव ओतते!" मालकांनी मान डोलवली. मी सवयीनं डोलवली. मग पहिल्यांदाच माझ्या मनात आलं की ही स्तुती बहुधा माझीच आहे. आणि ती घ्यावी की नाही, काही ठरेना.

कापसाचे दिवस आले. दिग्रसच्या आठवडी बाजारात मला ती आजी दिसली. मी समोर जाऊन उभा राहिलो. तिनं ओळखलं नाही. मी गाल फुगवले, तेव्हा ओळखलं.

"आजी, ती जीभ?"

"ती तं पोरीसंग गेली," ती म्हणाली. "तिच्या ओढणीले बांधून देली."

"काहून?"

म्हातारी तिच्या बोलीत बराच वेळ काहीतरी बोलली. मला त्यातलं 'बाजा' आणि 'छोरी' एवढंच कळलं. बोलता बोलता ती हसत होती, तोंडात एक दात, आणि हसता हसता तिनं ओढणीनं डोळे पुसले. आता ती ज्या बाईजवळ उभी होती, त्या बाईच्या पुढ्यात लाल मिरच्यांचा हा एवढा ढीग होता. तेव्हा डोळे कशानं पुसले, ते मी खात्रीनं सांगू शकत नाही.

मी पावशेर मिरच्या घेतल्या आणि घरी आलो. नाक पुसत.